आप्पांच्या हातचा तुकडा

कवळी वाटीत टक्कन पडली. आकाराम मास्तरांच्या बोटांत आता ती धरण्याइतकंही बळ नव्हतं. पूर्णिमानं ती धुतली, बापाचं तोंड अलगद उघडलं आणि लेकराला घास भरवावा तशी हळूच बसवली.

"नीट बसली का, आप्पा?"

"बसली. आज चावायचं हाय." आठवड्यात लेकीशी ते हेच पहिलं बोलले.

चावायचं म्हणजे प्रभुभोजन. चर्चच्या मंडळीतलं कुणी अंथरुणाला खिळलं, की रविवारची उपासना आटोपून पाळक, म्हणजे पास्टर, स्वतः ताट घेऊन त्याच्या घरी यायचे. घरच्यांनी खाटेभोवती बसून पावाचा तुकडा आणि रसाचा पेला घ्यायचा, ही त्यांच्या जुन्या मिशनच्या प्रोटेस्टंट मंडळीची रीत. मास्तर चाळीस वर्षं मंडळीच्या पंचांत. अशा कितीतरी खाटांशेजारी ताट धरून उभे राहिलेले. आता खाट त्यांची होती. डॉक्टरांनी आठ-दहा दिवस सांगितले होते, आणि मास्तरांचं मागणं एकच होतं : आजचा तुकडा लेकीला स्वतःच्या हातानं द्यायचा.

आणि लेक तीन वर्षांपूर्वी कॅथलिक झाली होती.

लोकांना कारणच सापडेना. लग्नासाठी म्हणावं तर नवरा मंडळीतलाच. विश्वजित शिरोलीच्या फाउंड्रीत पाळीवर जायचा आणि त्याला कुठल्याही चर्चचं बाकडं सारखंच कडक. पोरीच्या शाळेसाठी म्हणावं तर सुष्मिता साध्या मराठी शाळेत. "मग काय मेणबत्त्या आवडल्या व्हय गं?" शालूबाईनं, तिच्या आईनं, विचारलं होतं.

खरं कारण मास्तरांनीच दिलेलं. "पास्टर सांगतो म्हणून मानू नको, मी सांगतो म्हणूनबी नको. स्वतः वाच." ती सात वर्षांची असल्यापासून हेच. तिनं वाचलं. बायबलातला योहानाचा सहावा अध्याय, त्यांच्याच पुस्तकातला, त्यांच्याच पेन्सिलीच्या खुणांचा, ती वर्षभर वाचत राहिली. प्रभुभोजनाची भाकर म्हणजे ख्रिस्ताची नुसती आठवण नव्हे, त्याचं शरीर म्हणजे शरीरच, असं तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच. तसं मानणारे कुठं आहेत ते शोधत ती फादरांच्या दारात गेली.

आप्पांच्या हातचा तुकडा घेऊ का, हे विचारायला परवा पुन्हा गेली होती. फादर वसईकडचे, म्हातारे, मऊ बोलणारे. सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाले, "नाही, बाई. ते ताट आपलं नाही. वडिलांजवळ बसा, प्रार्थना करा. पण घेऊ नका."

"फादर, मला वाटतं, मरणाऱ्या माणसाच्या हातातून..."

"मला वाटतं," फादर हळूच म्हणाले, "हे तर तुम्ही तिकडं ठेवून आलात ना?"

खरंच होतं ते. ज्याच्या त्याच्या वाटण्याला ती कंटाळली होती, म्हणूनच चर्चपुढं मान वाकवली होती. मान वाकवण्यात मोठा विसावा असतो. तो विसावा आप्पांच्याच खाटेपाशी येऊन असा उरावर बसेल, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी पास्टर जोतीराम आले. विश्वजित पाळीवर होता. शालूबाईनं मनुका उकळून, गाळून रस तयार ठेवला होता. तीस वर्षं मंडळीचा रस तीच करायची. तिनं चार पेले भरले. चौथा कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. आठ वर्षांची सुष्मिता आजोबांच्या पायथ्याशी बसली.

"काय पूर्णिमाबाई," पास्टर मोठ्यानं हसले, "पोपला विचारलंसा का?"

"विचारलं. नाही म्हणाले."

पास्टरांचं हसू तिथंच विरलं. "गप प्रार्थना करा की वं," शालूबाई म्हणाली. "घरात दुखणं हाय."

प्रार्थना झाली. पास्टरांनी पाव मोडला. मास्तरांनी एक तुकडा चिमटीत धरला आणि हात लेकीपुढं केला.

"घे."

"आप्पा..."

"घे की. ह्यो पास्टरचा न्हाय. माझ्या हातचा हाय."

तिनं हात जोडले. "नको, आप्पा."

हात तसाच राहिला. "तू वाचलंयस न्हवं? मग तुला काय वाटतं ते सांग."

"मला काय वाटतं त्यावर आता नाही चालत, आप्पा."

मास्तर तिच्याकडं बघत राहिले. रागानं नाही, राग असता तर बरं झालं असतं. "म्हंजे पुस्तक उघडाय शिकवलं मी," ते म्हणाले, "आणि मिटाय शिकवलं त्यांनी."

तुकडा चादरीवर पडला. शालूबाईनं तो उचलला, कपाळाला लावला आणि स्वतः खाल्ला. मास्तरांनी आपला घासही घेतला नाही. भिंतीकडं तोंड केलं. पास्टर चहा न घेताच गेले.

पूर्णिमा चौथा पेला घेऊन मोरीपाशी उभी राहिली. तिच्या चर्चच्या हिशेबी तो नुसता मनुकांचा रस होता. ओतून टाकायला काहीच हरकत नव्हती. पण पेला काही कलता होईना. प्यायचीही सोय नव्हती. मघाशी त्या जोडलेल्या हातांनी बापाचा पुढं केलेला हात नुसता धरला असता तरी चाललं असतं. धरायला तर फादरांनी मनाई केली नव्हती. ते तिला आत्ता सुचत होतं.

सुष्मिता मागं येऊन उभी राहिली. तिचा पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे फादरांच्या हातून पहिल्यांदा भाकर घेणं, मे महिन्यात होता. त्यासाठीची धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं तोंडपाठ होती. पदराला धरून तिनं विचारलं,

"आई, मघाशी आजोबांना 'नको' कोण म्हणालं? तू, का फादर?"