चारही कोपरे दुमडलेलं कार्ड

ताईंनी छापखान्याचं शटर वर ढकललं आणि पहिलं पाऊल नेमकं त्या कार्डावरच पडलं. कुणीतरी फटीतून आत सरकवलेलं. उचलून पाहतात तो काय, दादाचं! नऊ वर्षं ज्याने तोंड दाखवलं नाही त्या सख्ख्या थोरल्या भावाचं नाव, आणि छपाई बाबांची. बाबांच्या हातचा दाब ताईंच्या बोटाला न बघता कळायचा. पण कार्डाचे चारही कोपरे दुमडलेले.

"आता घ्या!" असं मोठ्याने म्हणून ताई स्टुलावर बसल्या.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, खिशात चुरगळलं असेल. पण या घरात कोपरा उगाच दुमडत नाहीत. बाबांनी जन्मभर कार्डं छापली आणि जुन्या कार्डांचं त्यांना भारी वेड. एका जाडजूड वहीत त्यांनी ती चिकटवली होती, सोनेरी कडांची, दुखवट्याची काळ्या काठाची. जेवताना घास हातात तसाच धरून सांगायचे, "पूर्वी कुणाकडे गेलं आणि माणूस भेटला नाही, की कार्ड ठेवून यायचं. कोपरा दुमडला की निरोप पोचला." वरचा उजवा म्हणजे मी स्वतः येऊन गेलो. वरचा डावा, अभिनंदन. खालचा डावा, गाव सोडून निघालो. खालचा उजवा, तुमच्या दुःखात सहभागी. घरोघरी रीत वेगळी असेल, पण बाबांच्या घरची ही, त्याच वहीत लिहून ठेवलेली. लहानपणी भावंडं भांडली, अबोला धरला, की एकमेकांच्या उशीवर कार्डं ठेवायची.

आणि चारही कोपरे? हे वहीत नव्हतं. ताईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चारच.

एवढ्यात कटिंग मशीनवरचे काका आले. बाबांच्या वेळचे, त्यामुळे त्यांना सगळं ठाऊक. त्यांनी कार्ड उजेडात धरलं.

"म्हणजे आले, अभिनंदन केलं, सांत्वन केलं आणि गेलेसुद्धा?"

"काका, चेष्टा नको. माझा जीव टांगणीला लागलाय."

"मग गाव सोडून चालले असतील."

"त्याला खालचा डावा पुरला असता! आणि अभिनंदन कसलं? सांत्वन कुणाचं? नातं मेलं म्हणून?"

काकांनी मान हलवली आणि मशीन पुसायला घेतलं. ताईंच्या डोक्याचा नुसता भुगा झाला. खरं तर भीती एकच होती, आणि ती त्यांना चांगली माहीत होती. बाबा गेल्यावर दादा म्हणाला होता, छापखाना विकू. ताई भडकल्या होत्या. "मग या दुकानात परत पाऊल ठेवू नकोस!" असं त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या. "नाही ठेवणार," तो म्हणाला आणि शब्दाला जागला. आता तो कायमचा निघाला असेल, तर ते वाक्य तसंच राहणार होतं.

कार्डावर नंबर होता. ताईंनी फोन लावला. तो वहिनींनी उचलला.

"वहिनी, दादा कुठे चाललाय? खरं सांगा."

"कुठे म्हणजे? तुमच्याकडेच ना! वन्सं, आज पन्नाशी तुमची. दर वाढदिवसाला निघतात, तुमच्या समोरच्या बसस्टॉपवर तासभर बसतात आणि परत येतात. मी विचारलं, की म्हणतात, बघून आलो."

वाढदिवस! ताई साफ विसरल्या होत्या. त्यांनी काचेतून समोर पाहिलं. बसस्टॉपवर वर्तमानपत्रामागे एक माणूस बसला होता. बस आली, गेली. माणूस तिथेच.

ताई तशाच चपला न घालता रस्ता ओलांडून गेल्या आणि वर्तमानपत्र खाली ओढलं. केस पार पांढरे झाले होते त्याचे.

"हे काय आहे?" त्यांनी कार्ड नाचवलं.

"वाचता येत नाही?" दादा पुटपुटला.

"चारही कोपरे कुणी दुमडतं का, शहाण्या? सकाळपासून वेड लागायची वेळ आली माझ्यावर!"

"अगं चिमे, कुठला कोपरा कशाचा तेच आठवेना. तू शाळेत पहिली आलीस तेव्हा दुखवट्याचा दुमडला होता, आठवतंय? आठवडाभर बोलली नव्हतीस. म्हटलं, या वेळी चुकायला नको. चारही दुमडतो, हवा तो त्यात असेलच."

"हवा तो कुठला?"

दादाने वर्तमानपत्राची घडी घातली.

"माफ कर म्हणायचा."

ताईंचा राग कुठच्या कुठे गेला.

"असा कोपराच नाही, दादा," त्या म्हणाल्या. "सगळी वही चाळलीय मी. असता तर मीच नऊ वर्षांपूर्वी धाडला असता."

मग ताईंनी त्याचा हात धरून त्याला उठवलं, लहानपणी तो त्यांना शाळेत न्यायचा तसा. शटरपाशी येऊन दादा थबकला. खाली बुटांकडे बघू लागला.

"पाऊल ठेवायचं नाही असं..."

"मी म्हटलं होतं ना? मग मीच सांगते. चल आत. चूक माझी होती."

दादाने पाऊल आत ठेवलं. मशीनमागे काका नाक शिंकरत उभे होते. ताईंनी गल्ल्यावर कार्ड ठेवलं आणि नखाने एकेक करत तीन कोपरे सरळ केले. वरचा उजवा तसाच राहू दिला.