तापातली सुई

रुचिता आली तेव्हा हरिदास खोब्रागडे अंगणातल्या खिडकीला आरसा टेकवून दाढी करत होते. मागं दोन जादा चाकं लावलेली तिची स्कूटी फाटकाशी थांबली. तिनं आधी कुबडी काढली, मग डावा पाय हातानं उचलून खाली ठेवला. अभनपुरहून उरल्याच्या कारखान्यांच्या वस्तीपर्यंत, ट्रकांच्या रांगांमधून, ती एकटीच आली होती.

"अवं पोट्टी, फोन तरी करायचा. कोणी घ्यायले आलं असतं."

"जय भीम काका. रविवार आहे, शिकवायला जायचं नाही, म्हटलं जाऊन येते."

हरिदास एकोणसत्तर वर्षांचे होते, तरी वस्तीत त्यांना अजून 'डॉक्टर भैया'च म्हणत. डॉक्टर ते कधीच नव्हते. उरल्यातल्या एका खाजगी दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं कंपाउंडरकी केली होती. रुचिताचे वडील धर्मपाल तेव्हा जवळच्याच रोलिंग मिलमध्ये कामाला होते. दोघंही या हिंदी मुलखात भंडाऱ्याकडून आलेले, त्यामुळे घरोबा जमला. पुढं धर्मपाल अभनपुरच्या राइस मिलमध्ये गेले, तरी दिवाळीनंतर नव्या तांदळाची पिशवी घेऊन ते दरवर्षी यायचे आणि जो कोणी बसलेला असेल त्याला सांगायचे, "यांच्या हातच्या सुईनं माझी पोरगी वाचली. पाय गेला, पण जीव राहिला."

सून नीलिमानं चहा आणून दिला. रुचितानं पिशवीतून दवाखान्याचा कागद काढला.

"उजवा गुडघा जाऊन राहिला काका. इतके वर्ष सगळा भार त्याच्यावरच ना. सरकारी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर मॅडम पूछ रही थी, लहानपणी पाय जायच्या आधी सुई दिली होती का, अन् कोणत्या बाजूला. पोलिओ अंगात असला अन् तापात सुई टोचली, तर त्याच पायात उतरायची शक्यता वाढते म्हणे. पहले ऐसा बहुत हुआ है, म्हणाल्या."

हरिदासांच्या अर्ध्या गालावर साबण वाळत होता.

"तुह्या बाबाले विचारलं?"

"सुई दिली हे त्यांना याद आहे. बाजू नाही. म्हणाले, मी डोळे मिटून घेतले होते, काकांना विचार."

"छत्तीस वर्सं झाले बाई," हरिदास म्हणाले. "रोज पन्नास लेकरं यायचे. कोणाले कुठं टोचलं, कसं ध्यानात राहील?"

"तेही खरंच आहे." तिनं कागदाची घडी घातली. "मॅडम म्हणाल्या, आता कळून पायाला काही फरक पडत नाही. फक्त लिहून ठेवायचं होतं. मीच म्हटलं, एकदा विचारून घ्यावं. आईसाठी. ती अजून म्हणते, मीच तुला नळाखाली धरलं, मीच तुझा पाय घालवला. आता गुडघा दुखायला लागल्यापासून तर रोज रडते."

ती गेल्यावर हरिदासांनी उरलेली दाढी केलीच नाही. तोंड धुतलं आणि आत जाऊन पलंगावर बसले. नीलिमानं जेवायला हाक मारली, तर म्हणाले, "भूक नाही."

त्यांना बाजू आठवत होती. सगळंच आठवत होतं.

श्रावण होता. डॉक्टर शहरातल्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातून स्कूटरवर यायचे, सकाळी दोन तास बसायचे आणि जायचे. नंतर दवाखाना हरिदासांचा. लोकांना गोळी नको असायची, पातळ औषध नको असायचं. सुई दिली नाही तर इलाज झाला असं कोणाला वाटायचंच नाही. हरिदासांचा हात हलका होता, आणि तो हलका आहे हे चारचौघांनी म्हटलेलं त्यांना फार आवडायचं. काचेची सिरिंज, डबीत उकळलेल्या सुया, स्पिरिटचा वास. लायनीत उभे असलेले मजूर त्यांना हात जोडायचे. तेहतीस वर्षांच्या माणसाला आणखी काय हवं असतं?

त्याच महिन्याच्या सुरुवातीला डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "खोब्रागडे, एक लक्षात ठेवा. या दिवसांत तापातल्या लहान मुलाला सुई द्यायची नाही. पोलिओची साथ आहे. ताप कशाचा ते आपल्याला कळत नाही, आणि पोलिओचा असला तर टोचलेला पाय जाऊ शकतो. औषध पाजा, ओल्या फडक्यानं अंग पुसायला सांगा."

"हो साहेब," हरिदास म्हणाले होते. आणि मनात म्हणाले होते, यांना काय जातंय सांगायला, दुपारी लोकांना तोंड मलाच द्यावं लागतं.

पंधरा दिवसांनी धर्मपाल चौदा महिन्यांच्या रुचिताला खांद्यावर टाकून आले. पोर तापानं फणफणली होती. रुचिताची आई कमला घरी होती, पाण्याचा नंबर लावून. हरिदासांनी आधी औषधाची बाटली काढलीही होती. धर्मपाल म्हणाले, "औषधानं काय होते भैया? सुई द्या." मागं सात-आठ माणसं उभी होती. हरिदासांनी बाटली परत ठेवली. धर्मपालनं पोरीला मांडीवर पालथं धरलं, डोळे मिटले. सुई डाव्या कुल्ल्यात गेली. रडणंसुद्धा थोडंच झालं. मागचा एकजण म्हणाला, "क्या हाथ है!"

चौथ्या दिवशी ताप उतरला होता आणि डावा पाय चिंधीसारखा लोंबत होता.

तेव्हा मात्र कमलाही आली होती, आणि तिची सासूही. धर्मपालनं विचारलं, "असं कशानं झालं भैया?" हरिदासांनी पाय दाबून पाहिल्यासारखं केलं आणि विचारलं, "हिले थंड पाण्यानं न्हाऊ घातलं होतं का कोणी?"

बावीस वर्षांची कमला म्हणाली, "ताप यायच्या आदल्या दिवशी. नळावर."

"मंग तेच पाणी पायात बसलं," हरिदास म्हणाले.

एवढंच. पुढचं बोलायची गरज पडली नाही. सासूनं तिथल्या तिथं पोर कमलाच्या कडेवरून ओढून घेतली. पुढं दोन वर्षं कमलाला स्वतःच्या मुलीला आंघोळ घालू दिली नाही. आजी घालायची, आणि ही दारात उभी राहून टॉवेल धरायची. हे हरिदासांना ठाऊक होतं, कारण धर्मपालच हसत हसत सांगायचे, "आईचा विश्वास नाही हिच्यावर." तेव्हाही हरिदास गप्प बसले. एकदा गप्प बसलं की पुढं दरवेळी ते सोपं होत जातं. डॉक्टर वारले तेव्हा तर त्यांना दुःखाच्या आत कुठंतरी सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्याची लाज आजही वाटत होती.

सोमवारी त्यांनी रुचिताला फोन लावला आणि गुडघ्याला शेक दे एवढं सांगून ठेवून दिला. बुधवारी पुन्हा लावला. ती वर्गात होती. शनिवारी सकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला. नीलिमा म्हणाली, "बाबा, कहाँ जा रहे हो इतनी सुबह?"

"अभनपुरले. काम हाये."

बसमध्ये त्यांनी वाक्यं जुळवली. 'तेव्हा कोणालेच ठाऊक नव्हतं' हे वाक्य त्यांना बरं वाटलं. तीन-चारदा ते मनात म्हणून पाहिलं.

धर्मपालनी त्यांना फाटकातच मिठी मारली. "डॉक्टर भैया! आज कसा रस्ता चुकले? बसा, गरम आलूगुंडे घेऊन येतो." ते सायकल काढून बटाट्याचे वडे आणायला गेलेसुद्धा. रुचिता शाळेत होती, शनिवारची अर्धी. कमला ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. केस पूर्ण पांढरे. तिनं पाणी आणून दिलं आणि पुन्हा सुपाशी बसली.

"वहिनी, मले तुमच्याशी बोलायचं होतं."

"बोला ना."

"त्या पोलिओचं. रुचिता विचारायले आली होती. मी तिले सांगतलं, आठवत नाही. ते खोटं होतं." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मी सुई डाव्याच बाजूले दिली होती. ज्याले पोलिओचा ताप असते त्याले सुई टोचली तर पाय जाऊ शकते. सुई दिली नसती तं कदाचित पाय गेला नसता. नक्की कोणी सांगू शकत नाही, पण कदाचित. थंड पाण्याचा काही संबंध नव्हता वहिनी. काहीच नव्हता."

कमलाचे हात थांबले. मग अगदी सावकाश म्हणाली, "तुम्हाले तेव्हा ठाऊक नव्हतं ना पण?"

बसमध्ये जुळवलेलं वाक्य तिनंच त्यांच्या हातात आणून दिलं होतं. हो म्हटलं असतं तर ती बहुतेक रडली असती, त्यांना चहा दिला असता आणि सगळं तिथंच मिटलं असतं. हरिदासांनी तोंड उघडलं.

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "डॉक्टर साहेबांनी पंधरा दिवस आधी सांगतलं होतं. सुई देऊ नको म्हणून, अन् काहून नको तेही. मी ऐकलं नाही. लोकं पाहून राहिले होते, माझा मोठेपणा होता. अन् पाय गेला तेव्हा मले समजलं होतं. म्हणून पाण्याचं विचारलं. माझ्यावर येऊ नये म्हणून."

कमला उठली. सूप तिच्या पायाला लागून कलंडलं, तांदूळ ओसरीभर झाले. तिला ते दिसलंच नाही.

"दोन वर्सं," ती म्हणाली. "दोन वर्सं मी माह्या लेकीले पाणी घातलं नाही. मले दुसरं लेकरू झालं नाही तं सासू म्हणे, बरंच झालं, एकाचे हाल पुरे. माह्या बहिणीच्या पोराच्या बारशाले मले पाळण्याजवळ येऊ दिलं नाही. हिच्या हातानं पोरगी लंगडी झाली, म्हणे. अन् तुम्ही दरवर्सी आमचा तांदूळ खाल्ला. या ओसरीवर बसून चहा पिला."

"हो वहिनी."

"हो वहिनी काय म्हणता! माझी सासू मेली. मरताना म्हणे, पोट्टीले जप, पाण्याजवळ नेऊ नको. तिले कोण सांगंल आता? तुम्ही सांगाल?"

पाया पडावं म्हणून हरिदास वाकले, तशी ती दोन पावलं मागं सरकली. "नको. माह्या पायाले हात लावू नका."

धर्मपाल पुडा घेऊन आले तेव्हा दोघं तसेच उभे होते. "काय झालं? तांदूळ कोणी सांडले?"

"यांना सांगा," कमला म्हणाली. "मले सांगतलं तसंच. सगळं."

दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण गेलं. ऐकता ऐकता धर्मपाल पायरीवर बसले. पुड्याचं तेल त्यांच्या पँटीला लागत होतं. शेवटी म्हणाले, "पण सुई द्या म्हणून मीच..." त्यांनी कमलाकडं पाहायचा प्रयत्न केला आणि मान खाली घातली. हरिदासांना वाटलं होतं धर्मपाल हात उगारतील. तो उगारला असता तर सोपं गेलं असतं.

रुचिता दुपारी आली. आईचे डोळे पाहून तिनं विचारलं, आणि या वेळी कमलानंच सांगितलं. मग रुचितानं पर्समधून दवाखान्याचा तोच कागद काढून हरिदासांसमोर धरला.

"लिहून द्या काका. महिना, बाजू, ताप किती दिवस होता. मॅडमला दाखवते."

त्यांनी लिहिलं.

"पायाचं मी तुम्हाला काही म्हणत नाही," ती म्हणाली. "माझं सगळं शिक्षण, नोकरी, या पायावरच झालं. कदाचित तो तसाही गेला असता. लेकिन उस दिन मैंने सामने बैठ के पूछा था। मी आईसाठी विचारते म्हणाले होते. तेव्हाही तुम्ही खोटं बोलले. ते मला जड जातंय."

"मलेही," हरिदास म्हणाले.

बसथांब्यापर्यंत कोणी सोडायला आलं नाही. यायला नकोच होतं. घरी गेल्यावर त्यांनी मुलाला आणि नीलिमाला समोर बसवून सांगितलं. मुलगा म्हणाला, "बाबा, इतकी पुरानी बात, काहून उकरून काढली?" दुसऱ्या दिवशी शेजारीण नातवाला घेऊन आली, "डॉक्टर भैया, जरा बघा ना, अंग गरम आहे," तेव्हा हरिदास बाहेर येण्याआधी नीलिमाच दारात गेली आणि म्हणाली, "बाबा डॉक्टर नहीं हैं दीदी। दवाखाने ले जाओ।" हरिदासांनी ते आतून ऐकलं. त्यांना वाईट वाटलं नाही असं नाही.

महिन्याभरानं रुचिताचा फोन आला. गुडघ्यासाठी नवा पट्टा मिळाला होता, व्यायाम सुरू झाला होता. हे सगळं तिनं कोरडेपणानं, एका दमात सांगितलं. मग म्हणाली, "आईचं म्हणणं आहे, रविवारी या. मामा येणार आहेत, दोन्ही मावश्या येणार आहेत भंडाऱ्याहून. आत्याही. आई म्हणते, त्यांच्यासमोर सांगायचं."

"येतो," हरिदास म्हणाले.

"नाही आले तरी मी सांगीन. पण आईला तुमच्या तोंडून पाहिजे."

रविवारी ओसरीवर सतरंजी अंथरली होती. वीसेक माणसं होती; कोणी त्यांना जय भीम घातला, कोणी नाही. धर्मपाल भिंतीशी बसले होते, बायकोच्या थोडे मागं. कमला मध्ये खुर्चीवर बसली होती, नवी साडी नेसून, लग्नाला बसावं तशी ताठ. तिच्या धाकट्या बहिणीनं तिचा हात हातात धरला होता.

हरिदासांना कोणी बसा म्हटलं नाही. ते उभेच राहिले.

"सुरवातीपासून सांगा," कमला म्हणाली. "मोठ्यानं. आत्याबाईले कमी ऐकू येते."

हरिदासांनी हात जोडले आणि डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन काय सांगितलं होतं, तिथून सुरुवात केली.