भुलीची जाळी आणि शिऱ्याचा वास

मी भुलीची जाळी बोलतेय. दचकू नका. चहाच्या गाळणीची थोरली बहीण म्हणा हवं तर. राजाजीनगरातल्या एका कारखान्यात देवाप्पा नावाच्या कारागिराने तारा वाकवून मला घडवलं, तेव्हा त्यालाही मी गाळणीच वाटले होते.

तिथून मी गावाकडच्या एका धर्मादाय दवाखान्यात आले. मोठ्या इस्पितळांत भूल द्यायला यंत्रं होती, इथे मीच. माझ्यावर पातळ फडकं पसरायचं, मला लेकराच्या नाकातोंडावर धरायचं आणि वरून ईथर थेंब थेंब सोडायचं. लेकरू रडतं, हातपाय झाडतं, मग निजतं. तेवढ्यात डॉक्टर गळू फोडतात, हाड बसवतात. "अत्तर आहे, वास घे," असं मोठी माणसं लेकरांना सांगतात. देव त्यांना क्षमा करो.

एका श्रावणात हेमलताबाई लेकीला, नयनाला, घेऊन आल्या. मानेवर गळू, अंगात ताप.

"सकाळपासून पोटात काही?" नर्स कावेरीअक्कांनी विचारलं. त्या निपाणीकडच्या.

"पाण्याचा थेंबसुद्धा नाही हो. तिच्याबरोबर मीही उपाशी आहे."

भरल्या पोटी भूल दिली तर झोपेतच ओकारी येते, ती श्वासात अडकते आणि लेकरू गुदमरून जातं. हे बाईंना आदल्या दिवशीच बजावलं होतं.

मला नयनाच्या तोंडावर धरलं. फडकं अजून कोरडं होतं. घाबरून तिने मोठा श्वास सोडला आणि माझ्या तारांत वास भरला. तूप, वेलची, पिकलं केळं! मी ओळखला, पण माणसांपुढे मला वाचा कुठली? डॉक्टर त्रिविक्रमांनी बाटली तिरकी केली.

"डोळे मीट ग राणी," कावेरीअक्का म्हणाल्या. "उठलीस की खाऊ देते. काय हवं?"

"शिरा नको. मघाशी देवाने दिला. दोनदा."

बाटली तिथेच थांबली.

हेमलताबाईंना आत बोलावलं. "अहो, तो प्रसाद! हिच्यासाठीच पहाटे सत्यनारायण केला. प्रसाद म्हणजे खाणं थोडंच?"

"तुमच्या देवाचा तुपाला हात सैल दिसतो, बाई," कावेरीअक्का म्हणाल्या. "पोटाला ते कळतं."

बाईंनी लेकीला जवळ ओढलं. "माझ्याच हाताने... पण प्रसाद नाकारला असता तर कोप नसता का झाला?"

"कसला कोप? पदराला बांधून ठेवायचा. लेकरू उठेपर्यंत देव थांबतो. स्वल्प थांबायला त्याला काय होतंय?"

डॉक्टरांनी काम संध्याकाळवर ढकललं. तापलेली पोर दिवसभर आईच्या मांडीवर कण्हत राहिली. दिवस कलताना मी पुन्हा तिच्या तोंडावर आले. आता श्वासाला वास होता तो नुसत्या भुकेचा. थेंब पडले. नयना निजली, गळू फुटलं, आणि ती "आई" म्हणत जागी झाली. आईच्या पदराला एक लहानशी गाठ होती.

आता इथेही यंत्र आलंय. मी कपाटात आहे, तारा गंजल्यात. माझी तक्रार नाही. दार किलकिलं असलं की नव्या नर्सचं बोलणं ऐकू येतं. "काय खाल्लं?" असं आईला विचारून झालं, की त्या लेकरापुढे वाकतात. कावेरीअक्कांनीच शिकवलंय.

"आणि देवाने काय दिलं?"

आयांनो, लेकराच्या आधी तुम्हीच सांगून टाका. आणि पदराला गाठ मारा.