मोटारीचा कोपाग्नी

आमच्या धाग्याच्या कारखान्यात सलग दहा दिवस दुपारी एकच तमाशा चाले. धागा गुंडाळणाऱ्या यंत्राची मोटार बंद पडली की अख्खी पाळी तिच्याभोवती गोळा व्हायची आणि मालकांनी बोलावलेले महाराज तिला माणसात आणायचे. "यंत्राच्या पोटात कोपाग्नी पेटलाय, बाळांनो. कुणाचा तरी पायगुण भोवतोय." मग डोळे मिटून मंत्र, अधूनमधून मोटारीवर तळहात. अर्ध्या तासाने आवाज चढवून बटण दाबायचे, की मोटार सुरू. मालक हात जोडायचे. आम्ही शिकलेसवरलेले सुपरवायझरही माना डोलवायचो.

पायगुण कुणाचा, हे सांगायला ज्योतिषी नको होता. दुपारच्या पाळीला नव्याने लागलेल्या काकू विधवा होत्या, म्हणजे आमच्या हिशेबी पांढऱ्या पायाच्या. पदरात दोन मुली, दुसरा आधार नाही. तरी मालकांनी त्यांना शनिवारनंतर येऊ नका म्हणून सांगून टाकलं आणि मोटारीला मंतरलेली जाड शाल गुंडाळली. मोटार दिवसातून तीनदा बंद पडू लागली. महाराज म्हणाले, कोप बाहेर पडतोय.

शनिवारी पंखे दुरुस्त करायला फिटरमामा आले होते. मोटार थांबली तसे ते पुढे झाले.

"महाराज, आज तुम्ही फक्त गप्प बसायचं. अर्धा तास."

"मंत्राविना यंत्र मरेल."

"मेलं तर मी भरून देतो."

अर्ध्या तासाने मामांनी मोटारीला हात लावून पाहिला. "काकू, बटण तुम्ही दाबा."

मालक "अहो, तिचा हात नको" म्हणेपर्यंत काकूंनी बटण दाबलंही. मोटार सुरू झाली.

"मोटारीत जाणारी सगळी वीज काही कामी येत नाही," मामा म्हणाले. "थोडी वाया जाते, तिची उष्णता होते. ती बाहेर पडली नाही तर मोटार जळू नये म्हणून आतली कळ तिला बंद करते. निवली की पुन्हा चालते. महाराज नुसते निवण्याची वाट बघायचे. तळहाताला चटका बसेनासा झाला की मंत्राचा आवाज चढायचा."

मोटार बंद करून त्यांनी शाल ओढून काढली आणि मागच्या जाळीतून मूठमूठ धाग्याचं तूस उपसलं. "हवेची वाट बुजलेली. सकाळपासून तापलेली मोटार दुपारी थांबणारच. वर तुम्ही तिला पांघरूण घातलंत."

त्यानंतर पाळी संपेपर्यंत मोटार थांबली नाही. महाराजही थांबले नाहीत.

मालक म्हणाले, "काकू, सोमवारी या. झालं गेलं विसरा."

"येईन, मुलींसाठी येईन," काकू म्हणाल्या. "पण दहा दिवस सगळे माझ्या पायांकडे बघत होतात. मोटारीकडे एकानेही बघितलं नाही."

माझी खुर्ची त्या जाळीपासून दोन हातांवर होती. मला लाज वाटली, अजून वाटते. म्हणून सांगतो, मशीन बिघडलं तर उघडून बघा. कारण सापडलं नाही तर सापडलं नाही म्हणा. त्यासाठी कुणाच्या पोटावर पाय देऊ नका.