तीन बोटं फेस

मी एक जुना, कानाचा, काचेचा पेला आहे, आणि मी आता जे सांगणार आहे त्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझाही बसला नव्हता. मित्रांनो, तुम्ही बाराही जण कालच खोक्यातून निघालात, तुमच्या अंगाला अजून कागदाचे कपटे चिकटले आहेत. उद्या परीक्षक येतील आणि तुमच्यात पहिल्यांदा बिअर ओतली जाईल. म्हणून आज माझं ऐका. मला कान एकच, त्यामुळे मी ऐकतो कमी आणि सांगतो जास्त.

माझा जन्म भट्टीतला. ज्या कारागिराने मला फुंकलं, त्याने एवढा दम लावला की त्याच्या डोक्यावरची टोपी उडून तिसऱ्या गल्लीत पडली. ती अजून सापडलेली नाही. तिथून मी या कारखान्यात आलो, चव घेण्याच्या खोलीत. एक लांब टेबल, उत्तरेकडची खिडकी, दगडी फरशी आणि भिंतीत तो पितळी नळ. तो तेव्हाही नवा नव्हता. बोलत तर तेव्हाही नव्हता.

इथे चेक पद्धतीची पिल्सनर बिअर बनते. ती बनवणारे मास्तर हट्टी माणूस. भिजवलेल्या धान्यातला थोडा भाग बाजूला काढायचा, उकळायचा, परत मोठ्या भांड्यात ओतायचा. असं एकदा नाही, तीनदा. मालक म्हणायचे, "मास्तर, एकदा उकळून भागतं हो. सगळं जग एकदाच उकळतं." मास्तर म्हणायचे, "जगाला पिऊ दे जगाची," आणि कढईकडे वळायचे.

आम्हा पेल्यांचं सगळं ताईंकडे, म्हणजे मास्तरांच्या मोठ्या बहिणीकडे. बावीस वर्षं त्यांनी आम्हाला धुतलं. गार पाणी, साबण नाही, फडकं नाही, पालथं घालून आपोआप वाळू द्यायचं. कारण फेसाचा एकच वैरी, तेलकटपणा. बोटाचा नुसता ठसा राहिला तरी फेस जीव सोडतो. आणि या बिअरचा फेस म्हणजे तिची अब्रू. तीन बोटं उंच, सायीसारखा दाट. नळातून आधी फेस सोडायचा आणि मग त्याच्या पोटात बिअर भरायची. एकदा एक माशी माझ्या फेसावर उतरली, या काठावरून त्या काठापर्यंत चालत गेली आणि मध्ये दमून थोडा वेळ पडली. हसू नका. पाय पुसून चढली होती.

चव घ्यायची रीतही ऐकून ठेवा. आधी खिडकीशी धरून रंग पाहतात, जुन्या सोन्याचा हवा. मग वास. हॉप्सच्या फुलांचा, थोडा गवताचा, थोडा मिरीचा, आणि मागून पावाच्या भाजक्या कडेचा. मग घोट. जिभेवर आधी गोलसर गोडवा येतो, मग कडूपणा येतो, आणि त्याने पाहुण्यासारखं वेळेवर उठून जायचं असतं. रेंगाळला की गुण गेले. प्रत्येक घोटानंतर आतून फेसाचं एक कडं उरतं. पेला संपल्यावर कडी मोजली की पिणाऱ्याने किती घोट घेतले ते कळतं. मी अशी कडी हजारो मिरवली. परीक्षक मला उचलून म्हणायचे, "पेला असावा तर असा." तेव्हा फुगून माझ्यात अर्धा घोट जास्त मावायचा.

मग तो दिवस आला. मालकांनी आदल्या दिवशीच सरळ सांगून टाकलं, "परीक्षक येताहेत. त्यांनी या टाकीतली बिअर पास केली तर तीनदा उकळा, हवं तर दहादा उकळा. नापास झाली तर टाकी गटारात आणि तुम्ही घरी." मास्तर "बरं" म्हणाले. त्या रात्री ते झोपले नसावेत. सकाळी दाढी करताना दोन ठिकाणी कापलं होतं.

परीक्षक तीन होते. त्यांच्या मुख्यांना सगळे मागून नाकसाहेब म्हणत, कारण वळताना आधी नाक वळायचं आणि मग साहेब. रिवाज असा, की पहिला पेला त्यांचा. त्यांनी मान हलवल्याशिवाय इतरांना ओतायचं नाही. त्या दिवशी पहिला पेला मी होतो.

त्या सकाळी ताईंनी एक चूक केली. गार पाण्याने त्यांच्या हातांना भेगा पडल्या होत्या. भावाचा मोठा दिवस, चार लोकांसमोर असे हात कसे न्यायचे, म्हणून त्यांनी मेणाचं मलम चोळलं. आणि मग मायेपोटी त्याच हातांनी माझा काठ एकदा गोल पुसला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

नळ सुटला. फेस तीन बोटं चढला, आणि नाकसाहेबांनी मला उचलेपर्यंत बसला. बुडबुडे माझ्या भिंतींना चिकटून राहिले.

"फेस मेला," नाकसाहेब म्हणाले. त्यांनी हुंगलं. "आणि वास मेणचट."

"मी सांगतच होतो," मालक म्हणाले. "तीनदा उकळून हे मिळालं."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. चिकटलेले बुडबुडे पाहिले, काठावरची ओशट चमक पाहिली. मित्रांनो, त्यांना कळलं. एक शब्द बोलले असते तर टाकी वाचली असती. पण तो शब्द बहिणीवर गेला असता. ते खाली फरशीकडे बघत म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलं असेल."

"मग टाकी सोडून द्या," मालक म्हणाले.

आता ऐका. यावरच कोणाचा विश्वास बसत नाही. मी मनात म्हटलं, अरे, तू या घरचं पाणी प्यायलास. मी कान आवळला, अंग चोरलं आणि नाकसाहेबांच्या हातातून दिली उडी. खाली दगडी फरशी. माझे सतरा तुकडे झाले. मोजले मी. मग काय, दुसरा पेला आणावाच लागला. त्यात फेस तीन बोटं उभा राहिला आणि बसेचना. नाकसाहेबांनी पेला संपवला, आत अकरा कडी मोजली आणि मान हलवली. टाकी वाचली, मास्तर राहिले, आणि तुमच्यासाठी बिअर अजून तीनदाच उकळते. म्हणून म्हणतो, बाळांनो, आपल्या अंगाला तेलकट हात लागू देऊ नका, आणि वेळ आली तर जिवाची पर्वा करू नका. माझ्यासारखे व्हा.

"आजोबा," टोकाचा छोटा पेला म्हणाला, "सतरा तुकडे झाले, तर तुम्हाला जोडलं कोणी?"

"हे बघ, काच चांगली असली की..."

"थापा मारू नकोस." हा आवाज भिंतीतून आला. पितळी नळ. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "त्या दिवशी ओतत मी होतो. तुला टेबलावर ठेवला होता, आणि तू ढिम्म बसून होतास. हलली ती ताई. सगळ्यांसमोर पुढे आली, पदरात लपवलेले दोन्ही हात बाहेर काढले, साहेबांच्या नाकाखाली धरले आणि म्हणाली, 'बिअर राहू द्या. आधी यांचा वास घ्या.'"