पोचलं

गाठ सुटत नव्हती. हिरव्या लुगड्याच्या काठाची दोन बोटं रुंद चिंधी, गोणीच्या तोंडाशी तीनदा गुंडाळून अशी काही आवळलेली, की अभयची नखं दुखायला लागली. कात्री समोर खिडकीतच होती, पण ही गाठ त्याने आजवर कधी कापली नव्हती आणि साठी उलटल्यावर आज कापावी असं काही घडलेलं नव्हतं... वहिनीची गाठ. आत तिनेच पिकवलेल्या हळव्या, लवकर तयार होणाऱ्या भाताचा नवा तांदूळ, कालच गिरणीतून आलेला. संध्याकाळी विहारात वर्षावासाची समाप्ती, आणि समाप्तीची खीर वाडीच्या रिवाजाप्रमाणे नव्या तांदळाचीच व्हायची. नव्याचा भात चिकट होतो, पण खिरीला त्याच्यासारखा दुसरा तांदूळ नाही. विहार अभयच्या घराला लागून, म्हणून गोणी आधी त्याच्या पडवीत उतरायची.

आणि तिथेच तर सगळा घोळ झाला होता.

त्याने खिशातला कागद चाचपला. मंडळाचा चिटणीस प्रथमेश, लोट्याला कंपनीत पाळीवर जाणारा पोरगा, सकाळी बस पकडता पकडता तो हातात कोंबून गेला होता – आभारप्रदर्शनाची यादी. पोफळीच्या ऑफिसात तेहतीस वर्षं कारकुनी करून अभय गावी परतला तेव्हापासून आभार त्याच्याकडे. आवाज स्वच्छ, अक्षर मोत्यासारखं, आणि एकही नाव सुटत नाही ही ख्याती. जेवण बिघडलं तर वाडी चार दिवसांत विसरते, आभारात नाव राहिलं तर तीन पिढ्या लक्षात ठेवते. मंडपवाले, माईकवाले, दूध देणारे, खाडीकाठच्या मोहल्ल्यातून मोठी पातेली पाठवणारे सुलेमानभाई – त्यांची पातेली इकडे येतात, त्यांच्या लग्नकार्याला आपल्या सतरंज्या तिकडे जातात – सगळे होते. आणि सातव्या ओळीवर, मोबाइलमधल्या गेल्या वर्षीच्या यादीतून जशीच्या तशी उचललेली ती ओळ: खिरीचा तांदूळ – मा. अभय तांबे.

प्रथमेशचा दोष नव्हता. त्याने गोणी पडवीत पाहिली, पडवीवाल्याचं नाव लिहिलं. पण वाचणारा कोण होता? गेल्या वर्षी अभय रंगात येऊन वाचत होता, एकेका नावाला टाळी पडत होती, आणि ओघात स्वतःचंच नाव स्वतःच्या तोंडून 'माननीय' लावून बाहेर पडलं. टाळ्या जरा जास्तच झाल्या. दुरुस्त करू, शेवटी करू, असं म्हणता म्हणता शेवट आला, जय भीम झालं, माणसं पंगतीला उठली. विहाराच्या मागे चुलीवर वहिनी खीर ढवळत होती. कर्णा फणसावर बांधलेला, त्याचा आवाज थेट फाट्यापर्यंत जातो, मग मागच्या चुलीपर्यंत गेला नसेल? तिने नेहमीसारखे दोन डाव त्याच्या वाटीत घातले आणि पुढे गेली. घरी येताना नंदा, त्याची बायको, एवढंच म्हणाली, "टाळ्यांनीच पोट भरलं वाटतं. खीर अर्धी टाकलीत."

खोटं कशाला बोलू... त्या टाळ्या मला आवडल्या होत्या, अभयने मनाशी कबूल केलं.

गाठीचा एक पदर सैल झाला. त्याने तो दातात धरला आणि लुगड्याचा धुवट वास नाकात शिरला – पोफळीच्या वसाहतीतल्या खोलीत शिरायचा तोच. तेहतीस आश्विन. वहिनी डोक्यावर गोणी घेऊन फाट्यावर यायची, पोफळीच्या एस.टी.च्या टपावर ती चढवून द्यायची, आणि संध्याकाळी कंडक्टर ती त्याच्या पायाशी उतरवून विचारायचा, काय सांगू? पोचलं म्हणून सांगा, अभय म्हणायचा. एवढंच. दरवर्षी तेवढंच. पत्र लिहावं तर वहिनीला वाचता येत नव्हतं, हे कारण तेव्हा पुरेसं वाटायचं. भाऊ राजाराम मुंबईला गोदीत, म्हणजे लावणी, कापणी, झोडणी सगळी तिचीच, आणि अर्धी जमीन अभयच्या नावावर असली तरी तिच्या चिखलात त्याचा पाय वर्षातून एकदाही पडत नव्हता.

मग राजाराम श्रावणात गेला, भात गुडघाभर उभं असताना. त्या वर्षी गोणी येणार नाही असं अभय धरूनच चालला होता. आली. तोंडाला चिंधी लुगड्याची नव्हती. राजारामच्या चौकडीच्या शर्टाची बाही होती. त्या दिवशीही तो कंडक्टरला पोचलं एवढंच म्हणाला, आणि आत जाऊन पलंगावर बसला. ती एक बाही त्याने ठेवून दिली. बाकीच्या चिंध्या नंदाने भांडी पुसायला घेतल्या.

गाठ सुटली.

दुपारी तो वहिनीकडे गेला. ती अंगणात बसून वेलची सोलत होती, सालं एका पानावर, दाणे दुसऱ्या. वाटेत जुळवलेली वाक्यं तो पायरीशीच विसरला आणि सरळ म्हणाला, "वहिनी, यंदा खिरीच्या तांदळाला तुमचं नाव घेणार आहे."

तिने मान वर केली नाही. "माजा नाव कशाला होवा माईकवर?"

"आभार मानायला नकोत?"

"आभार परक्याचं मानतात, भावजी. मी कवापासून परकी झाले?"

ती हसत होती की नव्हती, ते त्याला कळेना. त्या वाक्यात गेलं वर्ष होतं का? होतं, नव्हतं... मग तिनेच विचारलं, गाठ सुटली काय, कापली नाय ना, आणि नाही म्हटल्यावर तिने वेलचीची पुडी बांधून त्याच्या हातात दिली. नंदाला द्या, म्हणाली.

परतताना त्याला स्वतःचाच राग आला. आभार मानले तर ती परकी होते, न मानले तर आपण चोर ठरतो. आयुष्यभर लोकांची नावं वाचली आणि ज्या एका माणसाच्या तांदळावर आपला संसार पोसला, पोरं वाढली, तिच्यासाठी यादीत जागा सापडत नाही. घरी येऊन त्याने सातवी ओळ खोडली. वर काही लिहिलं नाही.

संध्याकाळी विहार भरला. त्रिशरण, पंचशील झालं. बौद्धाचार्यांनी दरवर्षीप्रमाणे सुजातेची गोष्ट सांगितली, आणि दरवर्षी ऐकून ऐकून गुळगुळीत झालेली ती गोष्ट अभयला आज कुठेतरी अडली. उपाशी सिद्धार्थाला बाईने खीर दिली, ती सुजाता. या गोष्टीत तिचे आभार तर कुणी मानत नाही. खीर कुणाची होती ते फक्त सांगतात, आणि अडीच हजार वर्षं सांगत आले आहेत... त्याला एकदम ऑफिसातलं जाड रजिस्टर आठवलं. चुकीची नोंद गेली की कारकून माफी मागत नाही आणि आभारही मानत नाही. तो शुद्धिपत्रक काढतो. अमुक ऐवजी अमुक असे वाचावे. बस. इतकं सोपं, आणि त्याला एक वर्ष लागलं होतं.

नाव पुकारल्यावर तो माईकशी गेला. मंडपवाले, टाळी. दूध, टाळी. सुलेमानभाई दाराशीच उभे होते, त्यांनी छातीवर हात ठेवला. खोडलेली सातवी ओळ सोडून बाकी सगळी नावं वाचून झाली. त्याने कागदाची घडी घालून खिशात टाकली. समोर प्रथमेश भुवया उंचावून बघत होता, बायकांच्या रांगेत नंदा पदर सावरून ताठ बसली होती.

"गेल्या वर्षी," तो म्हणाला, "याच जागेवरून मी एक नोंद चुकीची वाचली."

फणसावरचा कर्णा क्षणभर गुणगुणला. मागच्या चुलीवर पातेल्याच्या बुडाशी फिरणारा वहिनीचा डाव थांबला. खीर अशी सोडून चालत नाही, बुडाला लागते, हे तिला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक. तरी डाव थांबला होता.  टाळ्या पडतील की नाही, वहिनी रागावेल की काय, याचा विचार डोक्यात होता, पण दूर कुठेतरी, फाट्यावरून जाणाऱ्या गाडीसारखा. दुरुस्तीचं वाक्य त्याने तयार ठेवलं होतं. पण जिभेवर त्याच्याही आधी एक शब्द येऊन बसला होता, तेहतीस वर्षं कंडक्टरच्या हाती पाठवलेला, आणि आज तो वहिनीपर्यंत त्याला स्वतःच पोचवायचा होता.