पासष्टावं पान

व्यंकटला कामावरून काढायचं पत्र लातूरच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसात टाइप होऊन पडलं होतं. मालक रामलिंग सर सहीसाठी पाच वाजेपर्यंत थांबायला तयार झाले, तेही शिवकन्यानं गळ घातली म्हणून.

सोमवारी व्यंकटनं लोह्याच्या सोयाबीन गोदामात वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती भरदुपारी चढवली होती. सकाळपासूनच्या त्र्याऐंशी गाड्यांची वजनं पुसली गेली. गाड्या रिकाम्या होऊन गावी परतल्या होत्या. गावोगाव फिरून पावत्या गोळा कराव्या लागल्या.

"दिवस बंद केल्याबिगर आवृत्ती चढवायची न्हाई, हे पुस्तकात हाय," सर म्हणाले. "पहिल्या खेपेला मी सोता वाचलंय."

माहितीपुस्तक शिवकन्याच्या ताब्यात होतं. एकशे बारा एक्सएमएल फायली, प्रत्येक परिच्छेदाच्या दोन्ही टोकांना खूण: ही पायरी, ही टीप, हा इशारा. याच फायलींतून पडद्यावरची मदत निघे आणि नांदेडच्या छापखान्यात जाणारं पुस्तकही.

तिनं शोधखिडकीत 'दिवस बंद' टाकलं. शून्य. मग फक्त इशारे मागवले. एक्केचाळीस आले. तिनं सगळे वाचले. त्यात ते नव्हतं, तसं तिनं सरांना सांगितलं.

"तुमची शोधखिडकी आंधळी हाय," सर केबिनमधूनच म्हणाले.

व्यंकट शेजारी खुर्ची ओढून बसला. "ताई, म्या पुस्तक उघडून समोर ठेवूनच केलं बगा. जाऊ द्या आता. सासऱ्याचं किराणा दुकान हाय, पुड्या बांधीन."

"तुला गाठ तरी मारता येते का?"

"सासरे शिकवतेत की. लई दिवसांपासून वाट बघून राहिलेत." तो चहा सांगायला खाली गेला.

सर आंधळी म्हणाले ते शिवकन्याच्या डोक्यात राहिलं. शोधखिडकी फक्त वाचकाला दिसणारा मजकूर चाळते. बंद केलेला परिच्छेद फाइलीत राहतो, पण पडद्यावर किंवा पुस्तकात उतरत नाही. तिनं फायली खुणांसकट, कच्च्या उघडल्या आणि पुन्हा तोच शोध लावला.

नवव्या प्रकरणाच्या शेवटी तो इशारा होता, अक्षर न अक्षर. दोन्ही बाजूंनी बंद केलेला. खाली नोंद होती: 'पासष्टावं पान होतंय. छापखाना सोळाच्या पटीत छापतो. तात्पुरतं बंद. शि. दे.' तारीख दोन वर्षांपूर्वीची.

शि. दे. म्हणजे शिवकन्या देविदास. तिला ती दुपार आठवली नाही. अशा तात्पुरत्या नोंदी बऱ्याच असायच्या.

पाचला दहा मिनिटं होती. दोन अक्षरं पुसायला काही लागत नव्हतं. व्यंकट तरी सुटला असता, आणि बंद कुणी केलं ते कळलं नसतं. तिनं पान आहे तसं छापलं आणि केबिनमध्ये नेऊन ठेवलं.

सरांनी दोनदा वाचलं. "हे शि. दे. कोण?"

"मी."

सरांनी व्यंकटचं पत्र फाडलं. मग कोरा कागद तिच्याकडे सरकवला. "तुमचा खुलासा उद्या लेखी द्या. त्याच्यावर ठरवू. आणि छापखान्याला फोन लावा. ऐंशी पानं करा म्हणावं."

"पंधरा कोरी जातील, सर."

"जाऊ द्या."

शिवकन्या जागेवर आली. इशाऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या बंद खुणा काढल्या, फाइल जतन केली आणि शोधखिडकीत पुन्हा 'दिवस बंद' टाकलं.

एक निकाल. पान पासष्ट.

मग तिनं कोरा कागद पुढ्यात ओढला. व्यंकट दोन चहा घेऊन जिना चढत होता. त्याला अजून काहीच ठाऊक नव्हतं.